गोव्यात परवडेल असं गाव

मागचं व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, ते देकार्त वगैरे छानच होतं. पण तुम्ही मध्यंतरी गोव्यात राहून आलात ना? आम्ही दोघं निवृत्त झालो. डोंबिवलीचा फ्लॅट विकून तिकडे जायचं म्हणतोय. स्वस्तात कुठे मिळेल तेवढं सांगा.” मी दोन वाक्यांत सांगायला गेलो आणि चहा पार गार झाला. तेव्हा संयोजकांना म्हटलं, पुढचा विषय हाच घेऊ या. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

गंमत नाही. कुठे राहावं हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या बाहेरचा आहे असं मला तरी कधी वाटलं नाही. माणूस आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी टाकतो, तेही उतारवयात, चूक दुरुस्त करायला वेळ उरलेला नसताना. एवढा मोठा निर्णय आपण चार दिवसांच्या सहलीत, एखाद्या संध्याकाळच्या उजेडात घेतो. याहून गंभीर विषय मला तरी ठाऊक नाही.

सुरुवात शब्दापासून करतो, जुनी खोड आहे. ‘परवडणे’ हे क्रियापद बघा. मराठीत ‘मी घर परवडतो’ असं म्हणता येत नाही. ‘मला घर परवडतं’ असं म्हणावं लागतं. जसं मला थंडी वाजते, मला औषध मानवतं, तसं. म्हणजे परवडणं हा घराचा गुण नाही आणि माझा पराक्रमही नाही. तो घराचा आणि माझा संबंध आहे. तेच घर तुम्हाला मानवेल, मला बाधेल. ‘स्वस्त’ हा शब्द मात्र घराला चिकटतो, आणि लोक विचारतात ते स्वस्त कुठे आहे ते. विचारायला हवं ते, मला काय परवडेल. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि आजचं सगळं व्याख्यान त्या फरकावर उभं आहे.

आता गोवा महाग का? क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यातला पूर्वेकडचा मोठा पट्टा सह्याद्रीचा, अभयारण्यांचा. उरलेल्यात भातशेती, खाजन जमिनी, नद्या, खाड्या. बांधायला मोकळी जमीन आधीच थोडी. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण साडेचौदा लाख होती, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. पण घर मागणारे फक्त हे साडेचौदा लाख नाहीत. दिल्ली, मुंबई, बंगळुरू इथले लोकही मागतात, आणि त्यांना ते राहायला नको असतं, वर्षातून तीन आठवडे यायला हवं असतं. आसगावातल्या घराची किंमत म्हापशाच्या शिक्षकाच्या पगारावर ठरत नाही, गुरगावच्या खिशावर ठरते. कोविडनंतर तर विचारूच नका.

यात एक मोठी विसंगती आहे. त्याच जनगणनेत गोव्यातलं साधारण दर पाचावं घर रिकामं आढळलं होतं. इतकी घरं रिकामी, मग भाव का उतरत नाहीत? कारण त्यातली पुष्कळ घरं बाजारात नाहीतच. काही सुट्टीची घरं आहेत, कुलूप लावलेली. आणि काही वाटणी न झालेली वडिलोपार्जित घरं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे, मूळ १८६७ची संहिता. त्यात मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा, आणि सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. कायदा म्हणून उत्तम. पण चार पिढ्या वाटणी झाली नाही की एका घराला तीस वारस होतात. त्यांतले काही मुंबईत, काही लिस्बनला, काही इंग्लंडमध्ये, आणि प्रत्येकाच्या जोडीदाराची सही लागते. तुम्ही रस्त्यावरून जाताना शिंपल्यांच्या खिडक्यांचं सुंदर पडकं घर बघता आणि म्हणता, अरे, हे घेऊन दुरुस्त करू. त्या घराची अडचण छपराची नाही हो, सह्यांची आहे.

तर असा हा महाग प्रांत. त्यात आपण नकाशा उघडतो आणि जिथे आकडा लहान दिसतो तिथे बोट ठेवतो. इथे मला एका जर्मन जमीनदाराची आठवण होते. योहान फॉन थ्यूनेन हे त्याचं नाव. १८२६ साली त्याने पुस्तक लिहिलं, आपल्याच शेतीचे हिशोब वर्षानुवर्षं लिहून काढून. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की शहरापासून जमीन जसजशी लांब जाते तसतसा तिचा खंड कमी होतो, कारण लांबच्या जमिनीवरचा माल शहरात आणायला खर्च पडतो. खंडात जे वाचतं ते गाडीभाड्यात जातं. म्हणजे स्वस्त जागा ही बक्षीस नव्हे. तिथे तुम्ही भाडं दुसऱ्या नावाने भरता. मी त्याला ‘अंतराचं भाडं’ म्हणतो.

पण गंमत पुढे आहे. अंतराचं भाडं सगळ्यांना सारखं पडत नाही. बाजार सरासरी माणसाचं अंतर मोजतो. गोव्यात बाजार कशाचे पैसे घेतो? समुद्राचे, विमानतळाचे, रात्रीच्या जेवणाच्या जागांचे, आणि ‘मी आसगावात राहतो’ असं सांगता येण्याचे. मला समुद्र वर्षातून चार वेळा पुरतो. रात्री नऊला मी झोपतो. मग मी त्याचे पैसे का भरू? उलट मला ग्रंथालय हवं, बरं नाटक हवं, डॉक्टर हवा, पायी जाता येईल असं वाण्याचं दुकान हवं. यांचे पैसे बाजार फारसे लावत नाही. तेव्हा बाजार ज्या गोष्टीचे पैसे घेतो आणि आपल्याला ती नको आहे तिच्यापासून लांब जायचं. बाजार जिचे पैसे घेत नाही आणि आपल्याला ती हवी आहे तिच्याजवळ जायचं. परवडणारं गाव शोधणं म्हणजे एवढंच. अर्थात त्यासाठी आपल्याला काय हवंय हे खरंखरं माहीत असावं लागतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

आता तालुके. गोव्याचा इतिहास इथे कामाला येतो. तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि मुरगाव ह्या जुन्या काबिजादी, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात घेतलेल्या. बाकीचे तालुके, पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण, ह्या नव्या काबिजादी, अठराव्या शतकात आलेल्या. (धारबांदोडा तालुका अलीकडे वेगळा झाला.) ढोबळ मानाने आजही महागाईची रेषा त्याच जुन्या सीमेवरून जाते.

बार्देशचा किनारा, म्हणजे कळंगुट, कांदोळी, हणजूण, आसगाव, शिवोली, हा आपल्यासारख्यांनी सोडून द्यावा. पर्वरीत फ्लॅट मिळतात, पणजी पुलापलीकडेच, पण तो हिशोब पुण्याच्या बाणेरसारखाच होतो. मग बाणेर काय वाईट? पेडणे दहा-पंधरा वर्षांपूर्वी स्वस्त होतं. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३पासून सुरू झाला आणि त्याच्या कितीतरी आधीपासून दलालांनी तिथल्या माळांना नंबर घातले होते. वास्कोत फ्लॅट त्या मानाने बरे मिळतात, पण बंदरावरच्या कोळशाच्या धुळीची तक्रार तिथले लोक वर्षानुवर्षं करतायत. घर बघायला जाल तेव्हा गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवून बघा. मडगाव मला आवडतं. रेल्वे आहे, बाजार आहे, जिल्हा रुग्णालय आहे, गर्दी आहे आणि गर्दीत माणूस एकटा पडत नाही. मडगावच्या आसपास, किनाऱ्यापासून दूर, मध्यमवर्गीय फ्लॅट अजून जमण्यासारखे आहेत.

काणकोण फार सुंदर. कोंकण रेल्वेचं स्टेशनही आहे. पण मडगाव चाळीसेक किलोमीटर, आणि मधे करमलचा घाट. तिशीतल्या, घरून काम करणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या माणसाने जरूर जावं. त्याच्यासाठी अंतराचं भाडं जवळजवळ शून्य आहे.

केपे, सांगे, धारबांदोडा, डिचोलीचा काही भाग इथे भाव खरोखर कमी दिसतात. पण हा खाणपट्टा. २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, मधे थोड्या चालल्या, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ लीज रद्द झाल्या. आता लिलाव होऊन हळूहळू परत सुरू होतायत. ज्याने खाणी बंद असताना घर बघितलं त्याला शांत रस्ता दिसला. तोच रस्ता खनिजाच्या ट्रकांचा असू शकतो. गावात कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, ‘पूर्वी ट्रक कुठून जायचे?’ तो हाताने दाखवतो. सांग्यातच साळावलीचं धरण आहे, दक्षिण गोव्याला पाणी देणारं. त्याच्या पोटात कुर्डी गाव बुडालं, मोगूबाई कुर्डीकरांचं. दर मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं आणि तिथली माणसं देवदर्शनाला जातात. हे विषयांतर झालं. पण घर आणि गाव यांतला फरक मला त्या चिखलात उभं राहून जेवढा कळला तेवढा पुस्तकातून कळला नव्हता.

सत्तरीबद्दल सावध राहा. वाळपईच्या पुढची गावं म्हणजे स्वर्ग आहेत, पण तिथल्या पुष्कळ लोकांना आपण कसतो त्या जमिनीचीही मालकी कागदावर मिळालेली नाही. ज्याच्या नावावर नाही तो तुम्हाला काय विकणार? डिचोली तालुक्यात मये गावाची गोष्ट अशीच गुंतागुंतीची, स्थलांतरितांच्या मालमत्तेची. गाव सुंदर, तळं सुंदर, कागद बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

राहिलं फोंडा. आम्ही तिथे राहिलो, तेव्हा पक्षपात गृहीत धरा. समुद्र नाही, म्हणून दिल्लीचा खरेदीदार नाही. पणजी तीसेक किलोमीटर. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी ही सगळी देवळं इथेच, कारण जुन्या काबिजादींतून मूर्ती हलवल्या त्या इथे आल्या. फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे, मराठी नाटकं होतात, उत्सवात देवळांत गाणं होतं. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय, १८३२पासूनचं, मराठी पुस्तकांचा मोठा साठा. सकाळच्या बसने जायचं, दुपारच्या बसने परत. वाईटही सांगतो. फोंडा शहर स्वतः गजबजलेलं, वाहतुकीची कोंडी नेहमीची. आसपास औद्योगिक वसाहती आहेत. आणि समुद्राचा वारा आतपर्यंत पोचत नाही, एप्रिलच्या दुपारी अंग नुसतं चिकचिकतं. ‘गोव्याला सदा वारा असतो’ हे किनाऱ्यावरच्या लोकांनी पसरवलेलं आहे.

खरं तर आमची पहिली पसंती फोंडा नव्हती. वाळपईच्या पुढे एक घर मिळत होतं, अंगणात फणस, मागे ओहोळ, आणि भाडं फोंड्याच्या जवळजवळ निम्मं. सौ. तर त्या ओहोळावर भाळलीच होती. मीही हो म्हणणार होतो. पण घरमालकांचा मुलगा मुंबईहून यायचा होता, करार आठवडाभर लांबला, तेवढ्यात हे दुसरं घर दिसलं आणि आम्ही अकरा महिन्यांच्या कराराने ते घेतलं. आमचा शहाणपणा यात काही नाही, हे आधीच कबूल करतो.

जुलै महिना. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याच्या चौपट धरा. त्यातला मोठा वाटा जून-जुलैत. रात्री दीडला हिला छातीत दाटल्यासारखं झालं, घाम फुटला. वीज गेलेली. मी १०८ला फोन केला. शेजारचा मुलगा कंदील घेऊन रस्त्याच्या वळणावर उभा राहिला, रुग्णवाहिकेला घर सापडावं म्हणून. फोंड्याच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी झाला, तिथून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला पाठवलं. वाटेत एके ठिकाणी झाड आडवं पडलेलं, एक बाजू मोकळी होती म्हणून निघालो. पहाटे सहाला डॉक्टर म्हणाले, हृदयाचं काही नाही, घेऊन जा. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि पहिला विचार काय आला सांगू? तो ओहोळ. त्या घरून निघालो असतो तर वाळपईपर्यंतच्या रस्त्यात दोन साकव लागतात.

तेव्हापासून मी घराची किंमत रुपयांत आणि मिनिटांत अशी दोन्हीत विचारतो. रात्री दोन वाजता, पावसात, बांबोळी किती मिनिटं. दलाल दुपारचा आकडा सांगतो.

(श्रोत्यांतून : बाहेरच्यांना तिथे उपचार मिळतात का?)

मिळतात, पण २०१८पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेतात. आणि तिथली सरकारी आरोग्य विमा योजना, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा, तिला पाच वर्षांचा रहिवास लागतो. म्हणजे पहिली पाच वर्षं तुमचा स्वतःचा विमा पाहिजे. हा हिशोब कुणी धरत नाही. सत्तरीनंतर त्याचा हप्ता किती येतो ते इथे बसलेल्यांना सांगायला नको.

आणखी एक हिशोब, विकत की भाड्याने. समजा एक घर एक कोटीचं आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी घराचं वर्षाचं भाडं किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या घरात येतं. म्हणजे महिना साधारण सतरा ते पंचवीस हजार. तेच एक कोटी बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले तर महिना पन्नास हजार येतात. त्यातून भाडं दिलं, कर भरला, तरी मुद्दल हाताशी राहतं आणि दुखणं आलं तर उपयोगी पडतं. घराची भिंत मोडून दवाखान्याचं बिल देता येत नाही. ‘पण स्वतःचं घर ते स्वतःचं’ असं म्हणाल. म्हणा. मीही चाळीस वर्षं म्हणत आलो. भाडं वाढतं, मालक घर सोडायला सांगू शकतो, हे सगळं खरं. पण पंच्याहत्तराव्या वर्षी ‘स्वतःचं’ या शब्दाचा अर्थ बदलतो. किती वर्षांसाठी स्वतःचं?

विकत घ्यायचंच असेल तर माझ्या एका मित्राची गोष्ट ऐका. बँकेत नोकरी केलेला माणूस, कागद वाचता येणारा. एका गावात घर आणि भोवतीची जमीन पसंत पडली, भाव चकित करणारा. त्याने विसार म्हणून मोठी रक्कम दिली आणि मग तिथल्या वकिलाकडे गेला. क्रम बघा. वकिलाने फॉर्म एक व चौदा मागवला, आपल्या सातबाऱ्यासारखा उतारा. त्यात मालकाचं नाव बरोबर होतं. पण खाली कुळाच्या रकान्यात एक नाव होतं, आणि आवारातल्या लहान घरात जी म्हातारी राहत होती ती ‘मोलकरीण’ नव्हती, मुंडकार होती. गोव्यात १९६४चा कूळ कायदा आहे, १९७५चा मुंडकार कायदा आहे. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला त्या घराचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. मित्राला वाटलं आपल्याला फसवलं. मालक म्हणाला, मी कुठे लपवलं, उतारा सार्वजनिक आहे. तीन वर्षं झाली, विसार अजून अडकलेला आहे. मला विचाराल तर मालक लबाड होता. पण मित्राने त्या म्हातारीशी एकदाही बोलणं केलं नव्हतं, हेही खरं. तिने दोन मिनिटांत सगळं सांगितलं असतं.

म्हणून : एक व चौदाचा उतारा, त्यातला कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना. सर्व्हे नकाशा. बिगरशेती झाल्याची सनद. सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या, वाटणी कोर्टातून झाली असेल तर इन्व्हेंटरीचा निकाल. जुने दस्त पोर्तुगीजमध्ये असतील, ते भाषांतर करून वाचायचे, ‘बाकी सगळं ठीक आहे’ या शब्दावर नाही. बांधलेल्या घराचा पंचायतीचा वापर दाखला. भातशेतीच्या जमिनीकडे बघूच नका, २०२३च्या कायद्याने ती शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी आहे. आणि मालक परदेशात आहे, मुखत्यारपत्रावर काम होईल असं कुणी म्हणालं की थांबा. खोटे दस्त करून परागंदा मालकांच्या जमिनी हडप केल्याची इतकी प्रकरणं निघाली, की २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. वकील आपला आपण शोधायचा, दलालाने दिलेला नको. यात मी कंटाळवाणा होतोय, पण कंटाळवाण्या भागातच पैसे जातात.

आता थोडं अवघड बोलतो. आपण मराठी माणसं गोव्यात जाताना एक समजूत सोबत नेतो, की ते आपलंच आहे. देवळांत मराठी आरत्या, मराठी वर्तमानपत्रं, मराठी शाळा, मग परकं काय? पण १६ जानेवारी १९६७ला तिथे जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं का, असा प्रश्न होता आणि लोकांनी नाही म्हटलं. १९८७ साली घटक राज्य झालं, राजभाषा कोंकणी झाली. मराठी त्यांना परकी नाही, पण मराठी येते म्हणून तुम्ही आतले होत नाही. कोंकणीत ‘भायले’ म्हणजे बाहेरचे. हा शब्द माझ्या तोंडावर कुणी उच्चारला नाही. पण तो कंदील घेऊन उभा राहिलेला मुलगा, वेर्ण्याच्या कारखान्यात नोकरीला, लग्न ठरलेलं. त्याला गावातच वेगळं घर बांधायचं होतं. तो एकदा सहज म्हणाला, “सर, आमच्या वाड्यावर आता बाहेरचे लोक भाव विचारायला येतात. मग काका म्हणतात, तुला कशाला देऊ?” तो रागाने बोलला नाही. मी मात्र त्या दिवशी नीट जेवलो नाही. कारण त्याच आठवड्यात मीही सहज म्हणून एक भाव विचारून आलो होतो.

आम्ही घर घेतलं नाही. त्याचं कारण फक्त तो मुलगा होता असं म्हणणं खोटं होईल. पायऱ्या, विमा, आणि नातवंडं पुण्यात, हीही कारणं होती. करार संपला तेव्हा दुसऱ्यांदा वाढवला, मग परत आलो. भाड्याने राहिल्यामुळे परत येता आलं.

(श्रोत्यांतून : सर, मग सिंधुदुर्गात राहावं का? सावंतवाडी, बांदा?)

चांगला प्रश्न. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडी इथून रोज कितीतरी तरुण गोव्यात नोकरीला जातात. तिकडची माणसं गंभीर दुखण्यासाठी बांबोळीलाच जातात. म्हणजे ती गावं व्यवहारात गोव्याला लागूनच आहेत, आणि हवा तीच, मासे तेच. घर स्वस्त मिळतं. पण सावंतवाडीहून बांबोळी किती मिनिटं, ते जुलैत मोजून या. आणि महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, तेव्हा ‘एक एकर बाग’ वगैरे मनात असेल तर आधी तलाठ्याकडे जा. सावंतवाडी शहरात, तळ्यापासून पायी अंतरावर भाड्याचं घर, हा पर्याय मला वाईट वाटत नाही.

(मघाचे गृहस्थ : सर, खरं सांगायचं तर आम्ही पेडण्यात एक फ्लॅट बघितलाय. रविवारी टोकन द्यायचंय.)

हे तुम्ही चहाच्या वेळी नाही सांगितलंत! किती महिन्यांत बघितलात? ... डिसेंबरात. वहिनी आल्यात का? वहिनी, तुम्हाला विचारतो. तिथे तुम्ही दोघंच असताना, गाडी यांना चालवता आली नाही, तर भाजी कुठून आणाल? ... माहीत नाही. ठीक. मग रविवारी टोकन देऊ नका. त्या बिल्डरला म्हणा, याच इमारतीत एखादा फ्लॅट जूनपासून सप्टेंबरपर्यंत भाड्याने द्या. नाही म्हणाला तर शेजारच्या इमारतीत शोधा, पावसाळ्यात रिकामे असतात. डोंबिवलीचा फ्लॅट तोवर विकू नका, नुसतं कुलूप लावा. चार महिन्यांत भिंतींना बुरशी कुठे धरते ते दिसेल, टँकर येतो का ते दिसेल, शेवटची बस कितीला जाते ते कळेल. ऑक्टोबरात मला फोन करा. नंबर संयोजकांकडे आहे.